धरणं एवढी, तरी शेती कोरडी का? आधी खालचा खडक बघा

प्रश्न एका तरुणाचा आहे, पुण्यात आयटीत असतो. थोडक्यात सांगतो. "सर, देशातली सगळ्यात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात, तरी आपली शेती पंजाबसारखी का नाही? नुसता भ्रष्टाचारच ना? आणि लातूरकडं औसा तालुक्यात आमची वडिलोपार्जित साडेचार एकर आहे, 700 फुटांचा बोअर घेऊन ऊस लावायचं डोक्यात आहे, काय वाटतं?"

मी कृषी खात्यात 31 वर्षं काढली. सुरुवात माण तालुक्यात, मग मराठवाडा, शेवटची काही वर्षं अकोला-बुलढाण्याकडं. त्यामुळं उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

भ्रष्टाचार आहे, नाही कोण म्हणतंय. पण उद्या सगळे कंत्राटदार आणि सगळे साहेब हरिश्चंद्र झाले तरी महाराष्ट्राचा पंजाब होणार नाही. पंजाबात जवळजवळ सगळी शेती ओलिताखाली, आपल्याकडं जेमतेम पाचवा हिस्सा, आणि धरणं मात्र देशातल्या मोठ्या धरणांच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. हे कोडं सोडवायचं तर कागद बाजूला ठेवून जमिनीखाली बघावं लागतं. पंजाब म्हणजे नद्यांनी आणून टाकलेला गाळ, शेकडो मीटर खोल, कुठंही पाईप घाला पाणी लागतंच. आपल्याकडं साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, एकावर एक थर, राज्याचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग त्याच काळ्या बेसाल्टवर बसलाय. हा खडक म्हणजे स्पंज नाही, दगडच. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, दोन थरांच्या सांध्यात आणि फटींमध्ये. शंभर लिटरच्या खडकात एक-दोन-तीन लिटर पाणी काढण्याजोगं मिळालं तरी नशीब समजायचं.

माणमध्ये असताना एका शेतकऱ्यानं विहीर काढली, सहा परसावर (परस म्हणजे पुरुषभर खोली) खालून असा झरा फुटला की मोटर लावून काम करावं लागलं. शेजारच्या चुलतभावानं ते बघून दोनशे फुटांवर दुसरी काढली. आठ परस, दहा परस, काळा पाषाण लागला, सुरुंग लावून लावून थकले, मग आडवे बोअर मारले, तरी पाणी म्हणाल तर घागर बुडेल इतकं. दोघांचा बांध एक, पाऊस एक, देवही एकच. एकाच्या खाली ठिसूळ थर आला, दुसऱ्याच्या आला नाही एवढाच काय तो फरक. त्यावरून भावकीत बोलणं बंद झालं, कारण दुसऱ्याला वाटायचं पहिल्यानंच आपलं पाणी ओढलं. अर्थात तेही अगदीच खोटं नसतं कधीकधी.

आता पाऊस. सह्याद्री आडवा उभा आहे, ढग तिथंच रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत दहिवडीला 500 च्या आतबाहेर. एकाच सातारा जिल्ह्यात! कृष्णा महाबळेश्वरला उगवते, भीमा भीमाशंकरला, गोदावरी त्र्यंबकेश्वरला. गोदावरीच्या उगमापासून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर, पण बाई निघाली पूर्वेला, पावणेपंधराशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे कोरड्या मुलखाला पाणी मिळतं ते घाटमाथ्यावरच्या अरुंद पट्ट्यात पडलेल्या पावसाचं. आणि त्या पट्ट्यातलंही बरंच आपण उलटं पश्चिमेला सोडतो, कोयनेचं आणि टाटांच्या मुळशी वगैरे धरणांचं पाणी वीज करून कोकणात उतरतं. मुंबईला वीज लागत होती, मान्य, पण मुळशीच्या मावळ्यांनी 1921 ला धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता तो काय उगाच नव्हता.

कोकणाची गंमत तर वेगळीच. तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि मे महिन्यात वाडीवर टँकर. जांभा दगड, तीव्र उतार, पडलं की पळालं.

मग तुम्ही म्हणाल की धरणं कशाला बांधली. बांधली, आणि त्यात इतिहास घुसतो.

महाराष्ट्र हे एक राज्य आहे असं आपण 1 मे 1960 पासून म्हणतो, पण शेतीच्या दृष्टीनं हे तीन-चार राज्यांची गोधडी आहे. पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि कोकण मुंबई इलाख्यात, मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडं, वऱ्हाड 1853 ला निजामानं इंग्रजांच्या हवाली केलेलं, नागपूरकडचा भाग मध्य प्रांतात. प्रत्येकाची महसुलाची पद्धत निराळी. देशावर रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरणार, कोकणात खोती आणि पूर्व विदर्भात मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणारा खोत किंवा मालगुजार मधे, मराठवाड्यात जहागिरी आणि इनामं. आजही मराठवाड्यातल्या तलाठ्याकडं बसलात तर इनाम जमिनीचं आणि देवस्थानाचं असं एकेक प्रकरण निघतं की वकिलाच्या दोन पिढ्या पोसतील.

इंग्रजांनी कालवे कुठं काढले? पुणे-नगर-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात, कारण तिथं पेटलं होतं. रयतवारीत सारा रोखीत आणि ठरलेल्या तारखेला, पीक येवो न येवो. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तेव्हा, 1861 ते 65, कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी पैसा ओतला, युद्ध संपलं आणि भाव कोसळला, कर्ज मात्र जागेवर. 12 मे 1875 ला बारामतीजवळच्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली, पण मुख्य काय केलं तर कर्जाचे कागद जाळले. माणसाला फार हात लावला नाही, कागद मात्र शोधून शोधून जाळले. कायद्यापुढं आपण कशानं मरतो हे त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या लोकांना पक्कं कळलेलं होतं. पाठोपाठ 1876-78 चा भीषण दुष्काळ. मग 1879 चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला, 1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा, पुढं 1926 ला भंडारदरा, 1927 ला भाटघर.

गंमत अशी की हे कालवे दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचवावी म्हणून काढलेले. पण भारी काळ्या जमिनीत चांगल्या वर्षी ज्वारीला कालव्याचं पाणी कोण घेईल? पाणीपट्टी भरायची कोणाची तयारी नाही, कालवा तोट्यात. मग बारमाही पीक बघितलं गेलं, तो ऊस. सासवडचे माळी कालव्याच्या पाण्यावर बागायत करायला बाहेर पडले, 1930 च्या दशकात त्यांनी माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. प्रवरेवर, भंडारदऱ्याच्या खाली, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, 1950-51 च्या सुमाराला गाळप सुरू. पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, कारखाना, त्याची बँक, शाळा, इंजिनिअरिंग कॉलेज, आमदारकी. मी टीका म्हणून सांगत नाहीये, माझा मुलगा तशाच एका कॉलेजात शिकलाय. पण दुष्काळ हटवायला आणलेलं पाणी सगळ्यात तहानलेल्या पिकात कसं शिरलं ते हे असं.

आज राज्यातल्या लागवडीखालच्या जमिनीत उसाचा वाटा थोडके टक्के, आणि सिंचनाच्या पाण्यातला वाटा निम्म्याहून जास्त. शेतकऱ्याला शिव्या द्यायला लोकांना फार आवडतं, शहरात बसून तर जास्तच. पण मला सांगा, दुसरं कुठलं पीक आहे ज्याचा किमान भाव सरकार आधी जाहीर करतं, गाडी कारखाना पाठवतो, तोडायला माणसं कारखाना आणतो, गारपीट झाली तरी उभं राहतं, आणि बँक डोळे झाकून कर्ज देते? टोमॅटो लावा आणि रस्त्यावर ओता, कांदा लावा आणि निर्यातबंदीची वाट बघा. ऊस लावणारा माणूस मूर्ख नाही, तो जोखीम मोजतो. सोलापूरसारख्या 500-600 मिलिमीटरच्या जिल्ह्यात राज्यातले सगळ्यात जास्त कारखाने उभे राहिले ते उजनी धरणाच्या जोरावर.

आणि तो ऊस तोडतं कोण? बीड, पाथर्डी, शिरूर कासार, आष्टी, बालाघाटच्या डोंगररांगेवरची माणसं. तिथली जमीन हलकी, वीतभर मातीखाली मुरूम, विहिरी दिवाळीलाच तळाला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'कोयता', हिशोबात माणूस नाही, कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची, दसऱ्यानंतर बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर, एप्रिलपर्यंत फडात पाचटाच्या खोपटात. मी बीड जिल्ह्यात होतो तेव्हा नोव्हेंबरात गावात प्रात्यक्षिक घ्यायला गेलो की पारावर फक्त म्हातारी माणसं आणि पोरं. एका आजीनं विचारलं, "साहेब, हरभऱ्याचं बियाणं आणलंय खरं, पण पेरायला कोण हाय?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. कालवा पोचला तिथं ऊस झाला, नाही पोचला तिथं तो ऊस तोडणारा तयार झाला. राज्याची शेती-अर्थव्यवस्था मला कुणी एका वाक्यात विचारली तर मी हेच सांगतो.

मराठवाड्याला मग जायकवाडी मिळालं, 1965 ला पायाभरणी, 1976 ला पूर्ण. पण वर नाशिक-नगरकडं धरणं बांधली गेली होतीच, पुढंही झाली, वरचा भरल्याशिवाय खाली सोडेना, शेवटी 2005 चा समन्यायी वाटपाचा कायदा आला आणि आता दर ऑक्टोबरात जायकवाडीत किती साठा झाला त्यावरून भांडण. 15 ऑक्टोबर जवळ आला की दोन्हीकडचे पुढारी कोर्टात, हे जवळजवळ पोळ्यासारखं वार्षिक झालंय.

विदर्भाचं दुखणं याहून वेगळं. वऱ्हाडची काळी माती कापसासाठीच जन्माला आलेली. इंग्रजांनी मँचेस्टरसाठी खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा 1870 ला नेला तो कशासाठी? माणसांसाठी नव्हे, गाठींसाठी. कापूस निघाला, पैसा बाहेर राहिला. सिंचन फारसं नाही, कोरडवाहू कापूस-तूर, 2002 ला बीटी कापसाचं बियाणं आलं, सुरुवातीची वर्षं बरी गेली, मग गुलाबी बोंडअळी, आणि नव्वदीनंतर सोयाबीननं निम्मी शिवारं काबीज केली. अकोला-अमरावती-बुलढाण्यात पूर्णेच्या दोन्ही अंगाला खारपाणपट्टा आहे, वर माती अशी की बघत राहावं, खाली पाणी खारट. दर्यापूरकडं मुक्कामाला होतो तर अंघोळीला साबण फेसाळेना. तिथं बोअर मारून पाणी द्यायचं म्हणजे जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट आणि नापीक, करून घ्यायची. तिथल्या शहाण्या शेतकऱ्यांनी शेततळी केली, पावसाचं गोडं पाणी साठवायचं आणि हरभऱ्याला पाण्याच्या एक-दोन संरक्षित पाळ्या द्यायच्या.

पूर्व टोकाला, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत तर बेसाल्ट बहुतेक संपतोच, फार जुने खडक, पाऊस बाराशेच्या वर, धान. तिथं माजी मालगुजारी तलाव, लोक मामा तलाव म्हणतात, हजारोंनी आहेत, बरेचसे कोहळी समाजानं बांधलेले, नवेगाव बांध त्यातलाच. मालगुजारी गेली, तलाव सरकारी झाले, आणि गाळ कोणी काढायचा हे कोणालाच कळेना. तसंच साक्रीकडं पांझरा नदीवर फड पद्धत होती, बंधाऱ्याखालचं शिवार तीन-चार फडांत वाटायचं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक, आणि पाणी देणार तो गावानं नेमलेला पाटकरी, मालकानं स्वतः दारं धरायची नाहीत, म्हणजे पाणी वळवायचं नाही. मला तर आजच्या पाणी वापर संस्थेपेक्षा तेच जास्त पुढारलेलं वाटतं, असो.

एक गोष्ट राहिली, तुकडे. 1970-71 ला राज्यात सरासरी धारणक्षेत्र 4.28 हेक्टर होतं, 2015-16 च्या गणनेत 1.34. खातेदार पन्नास लाखांच्या आसपास होते ते दीड कोटीवर गेले. सहा परसाची विहीर चार भावांत वाटता येत नाही म्हणून प्रत्येकजण स्वतःचा बोअर मारतो, आणि सगळे मिळून त्याच फटीतलं पाणी ओढतात. 72 च्या दुष्काळात माणसं भुकेनं हैराण झाली, मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी खाल्ली, खडी फोडली, त्यातूनच पुढं वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीला 1977 ला कायद्याचं रूप आलं. पण माझे वडील सांगायचे की तेव्हा अन्न नव्हतं, प्यायला पाणी कुठंतरी विहिरीत सापडायचं. बोअरची मशीनं गावोगाव फिरली ती त्यानंतर. आणि 2016 च्या एप्रिलमध्ये तुमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. धान्य दुकानात होतं, पाणी नव्हतं. या दोन दुष्काळांत फरक पावसाचा कमी आणि आपल्या मोटरींचा जास्त.

आता तुमच्या साडेचार एकरांवर येतो.

700 फुटांचा बोअर घेऊ नका. बेसाल्टमध्ये पावसानं दरवर्षी भरणारं पाणी वरच्या थरात असतं. खाली 500-700 ला एखादी फट लागली तर तिच्यातलं पाणी साठलेलं असतं, पहिले सहा महिने तुम्ही पेढे वाटाल, तिसऱ्या वर्षी मोटर हवा ओढेल. राज्याचा 2009 चा भूजल कायदाही 60 मीटरच्या खालच्या विहिरीला खोल विहीर धरतो आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी तिला मनाई करतो, ते आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत. आणि असल्या पाण्यावर ऊस म्हणजे उसनं आणून लग्न करण्यासारखं, वरात निघते, नांदणं अवघड.

आधी हे करा. मेच्या शेवटच्या आठवड्यात सुट्टी काढून गावी जा. तुमच्या शेताच्या चारी बाजूंनी अर्ध्या किलोमीटरमधल्या जेवढ्या विहिरी असतील तेवढ्या दोरीला दगड बांधून मोजा, पाणी किती फुटांवर आहे, कोणाची कधी आटली, कोणत्या साली काठोकाठ आली होती. म्हाताऱ्या माणसांना विचारा, मुलांना नका विचारू, त्यांना फक्त बोअरचे फूट माहीत असतात. मग शेतात दोन ठिकाणी कमरेइतका खड्डा घ्या आणि मुरूम कुठं लागतो ते बघा. औशाकडं एकाच शिवारात एका टोकाला चार फूट काळी आणि दुसऱ्या टोकाला वीतभर असं सर्रास असतं.

जिथं माती तीन फुटांच्या वर आहे तिथं सोयाबीनमध्ये तूर, आणि एक तुकडा पावसाळ्यात मोकळा ठेवून रब्बीला मालदांडी ज्वारी नाहीतर हरभरा. भारी काळी माती हेच तुमचं धरण आहे, तिच्यात मुरलेल्या ओलीवर ज्वारी एकही पाणी न देता येते, फक्त वापसा, म्हणजे पेरणीला योग्य अशी ओल, ओळखता आला पाहिजे. त्याला यंत्र लागत नाही. वीतभर खालची माती मुठीत घेऊन दाबा, गोळा झाला आणि छातीइतक्या उंचीवरून सोडल्यावर फुटला तर वापसा, चिकटून राहिला तर थांबा, गोळाच झाला नाही तर उशीर झाला. मी कॉलेजातून पदवी घेऊन आलो तेव्हा मला हे येत नव्हतं, माणमध्ये एका बाईनं शिकवलं, आणि हसली पण वर.

हलक्या टोकाला सीताफळ लावा, आणि उताराच्या तळाशी जुन्या मापाची विहीर, 40-50 फुटांची, तिच्या वरच्या अंगाला बांध नीट घालून. पावसाळा आणि दिवाळीपर्यंतची एखादी पाळी एवढं पाणी तिनं दिलं तरी साडेचार एकराला ठिबकवर पुरतं. विहिरींची मापं घेऊन झाली की ती इथं टाका, मग जागा कुठं धरायची ते सांगतो, फोटोत माती दिसते पण उतार दिसत नाही म्हणून बांधाची दिशाही लिहा.